सत्तावीस फूट, छत्तीस फूट आणि एक पिवळं हेल्मेट

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तुम्हांला आमची बोट दाखवली, तेव्हा तुम्हां तिघांतल्या मधलीने पहिला प्रश्न विचारला, "आजी, एवढी छोटी का घेतली? आम्ही झोपणार कुठे?" मोठा म्हणाला, आजोबांनी पाठवलेल्या फोटोत तर दुसरीच, मोठी बोट होती. धाकट्याला बोटीशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला आत खुंटीवर टांगलेलं पिवळं हेल्मेट हवं होतं. या तिन्ही गोष्टींचं उत्तर एकच आहे. ते फोनवर सांगता येत नाही, कारण फोनवर तुमचे आजोबा मध्येमध्ये बोलतात. म्हणून सवडीने लिहिते आहे.

तुम्हांला माहीत आहे की आजोबा चाकणच्या एका कारखान्यात मशीन बसवण्याचं आणि सांभाळण्याचं काम करत होते आणि मी भोसरीच्या एका कंपनीत खरेदी विभागात होते. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीचे लोक सकाळी बागेत गोल चकरा मारू लागले. आम्ही मावळातल्या एका तलावावर शिडाच्या छोट्या होड्या चालवायला शिकलो. शिकवणारा तुमच्या बाबांपेक्षा लहान होता आणि आम्हांला "सर-मॅडम" म्हणत पाण्यात पाडायचा. चार वर्षं तलावावर काढल्यावर आजोबांना समुद्र हवासा वाटू लागला. रात्री जिच्यात झोपता येईल, स्वयंपाक करता येईल, किनाऱ्याकिनाऱ्याने दोन-चार दिवस जाता येईल अशी बोट. तळवड्याचा आमचा प्लॉट विकला गेला तेव्हा मीच म्हटलं, घेऊया.

मांडव्याच्या बाजूला दोन जुन्या बोटी विकायला होत्या. एक सत्तावीस फुटी, एक छत्तीस फुटी. मालक वेगवेगळे, पण दोन्ही बोटींची देखभाल तिथले एकच तांडेल, म्हणजे बोट हाकणारे नाखवा, करत. पन्नाशीचे, उन्हाने रापलेले, बोलायला मोकळे. पावसाळा संपून बोटी पुन्हा पाण्यात उतरल्यावर, ऑक्टोबरात, आम्ही दोन्ही बघायला गेलो. आजोबांनी आधी मोठी चालवली, मग लहान. मी दोन्हींच्या आत जाऊन फळ्या ठोकून पाहिल्या, नळ सोडून पाहिले, गाद्या दाबून पाहिल्या. मोठीच्या स्वयंपाकघरात दोन शेगड्या होत्या आणि बोट हलली तरी भांडं सरळ राहावं म्हणून शेगडी झुलती होती. मी तिच्यावर चहा केला आणि सगळ्यांना दिला. एक थेंब सांडला नाही. मी इतकी खूश झाले की लहान बोटीत फक्त एका शेगडीचा स्टोव्ह आहे हे वहीत लिहिताना खाली दोन रेघा ओढल्या.

घरी आल्यावर मी तक्ता केला. खरेदी विभागात पंचवीस वर्षं हेच केलं होतं: डाव्या बाजूला मुद्दे, उजवीकडे दोन रकाने. झोपायच्या जागा, मोठीत सात, लहानीत चार. उंची, मोठीत आजोबा ताठ उभे राहू शकत, लहानीत मान वाकवावी लागे. पाण्याची टाकी, संडास, इंजिन, शिडांचं वय. तेवीस मुद्द्यांपैकी सतरांत मोठी पुढे होती.

"सात जागा," आजोबा म्हणाले. "आपण दोघं आणि ते पाच. एकदम. एका बोटीत."

ते पाच म्हणजे तुम्ही तिघं आणि तुमचे आईबाबा. मलाही दुसरं काही नको होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी जे केलं त्यात हेच गमवायचं होतं.

आजोबांच्या कारखान्यात एक पद्धत होती. नवं मशीन यायच्या आधी ते जिथे बसणार तिथे जमिनीवर पिवळ्या पट्टीने त्याचा खऱ्या मापाचा आराखडा काढायचा. मग त्या पट्ट्यांमधून चालून बघायचं, ढकलगाडी वळते का, दार उघडतं का. आणि मशीन चालवणारा जिथे उभा राहणार तिथे एक गोल काढायचा. गोलात माणूस उभा करायचा आणि त्याला विचारायचं, "सगळं हाताशी येतंय का?"

आजोबा म्हणाले, आपण बोटींचं तेच करू. पिवळी पट्टी महाग पडली असती. मी पिंपळे सौदागरच्या बाजारातून रांगोळीची मोठी पिशवी आणली. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पाहुण्यांच्या गाड्यांच्या मोकळ्या जागेत, आम्ही टेप लावून मोठी बोट पांढऱ्या रांगोळीत काढली आणि तिच्याच पोटात लहान बोट गेरूने. आत पलंग, ओटा, संडास, पायऱ्या.

गेटवरचा वॉचमन बीडकडचा आहे. तो आधी लांबून बघत होता. मग जवळ आला.

"मॅडम, कुणाचं लगीन हाय का?"

"लग्न नाही. बोट आहे."

त्याने पूर्ण चक्कर मारली. "मंग हिला पार्किंगचं स्टिकर लागंल ना?"

दहा मिनिटांत निम्मी सोसायटी खाली आली. मुलं पलंगांवर आडवी झाली. पाचव्या मजल्यावरच्या काकू ओट्यापुढे उभ्या राहून म्हणाल्या, "माझ्या किचनपेक्षा बरा आहे हो." आमचे चेअरमन इथल्या मूळच्या गावकऱ्यांपैकी. आज जिथे पार्किंग आहे तिथे त्यांच्या वडिलांची ज्वारी होती आणि ते कोणालाही हे विसरू देत नाहीत. ते काठी टेकत आले.

"आमच्या ज्वारीत नाव घातली व्हय तुमी?"

"बसा की काका आत," आजोबा म्हणाले. "छत्तीस फूट आहे."

"छत्तीस म्हंजी सुपर बिल्ट-अप का कार्पेट?"

आजोबा हसले, पण उत्तर द्यावंच लागलं. टोकापासून टोकापर्यंत छत्तीस. आतली जागा बरीच कमी.

"बघा. बोटीतबी लोडिंग हाय!" चेअरमन खूश झाले. मग त्यांनी गेरूच्या रेघेवर काठी ठेवली. "पन ही न्हाई घ्यायची. ह्यो वन बीएचके झाला. नातवंडं यायची हायत ना? टू बीएचके घ्या."

सगळ्यांचं तेच म्हणणं पडलं. आमच्या भागात माणूस काहीही विकत घेताना आधी खोल्या मोजतो. मीही तेच केलं होतं. तेवीस मुद्द्यांचा माझा तक्ता पुन्हा वाचलात तर तुम्हांला वाटेल, आजी पाण्यावर फ्लॅट घेते आहे.

दुपारी सगळे पांगल्यावर आजोबांनी खिशातून खडू काढला आणि पद्धतीप्रमाणे मोठीच्या मागच्या टोकाला, जिथे सुकाणूचं चाक येतं, तिथे गोल काढला. त्यात उभे राहिले, काल्पनिक चाक धरलं आणि समाधानाने समोरच्या दुचाक्यांकडे पाहिलं.

मी विचारलं, "आणि माझा गोल?"

त्यांनी अगदी सहज, कसलाही वाईट हेतू नसताना, वाकून ओट्यापुढे एक गोल काढला.

मी त्या गोलाकडे बघत राहिले. राग आला असं म्हणणार नाही, कारण चूक माझीच होती. दोन्ही बोटी बघायला गेले तेव्हा मी स्वतः चहा करत बसले होते. चाकाला, दोराला माझा हात लागलाच नव्हता. आणि हे मी करावं? नोकरीत असताना आम्ही पत्रा दाबून भाग काढायची एक प्रेस विकत घेतली होती. विक्रेत्याचा धिप्पाड माणूस आला, त्याने दोन्ही हातांनी बटणं दाबून शंभर सुटे भाग बिनचूक काढून दाखवले. मी सही केली. मशीन आल्यावर कळलं की आमच्या लाइनवरच्या बायकांचे हात दोन्ही बटणांपर्यंत एकाच वेळी पोचतच नाहीत. त्या पुढे कितीतरी वर्षं लाकडी पाटावर उभ्या राहून काम करत होत्या आणि तो पाट दिसला की मला मान खाली घालावीशी वाटायची. तेव्हापासून माझा नियम होता: जो चालवणार, त्यानेच चालवून बघायचं, आणि विकणाऱ्याने हात लावायचा नाही. निवृत्त होताना तो नियम मी नव्या मुलींना समजावून दिला होता. स्वतःसाठी मात्र विसरले.

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही पाण्यात पडलात तर बोट कोण वळवणार?"

"मी कशाला पडेन?"

"तुमच्या कंपनीच्या अपघाताच्या रजिस्टरमध्ये सगळ्यांनी हेच सांगितलेलं असेल."

त्यांनी खडू खिशात घातला. आता एक गोष्ट सांगते जी तुमच्या बाबांना सांगितली नव्हती. गेल्या वर्षी वाकडच्या मॉलमध्ये सरकत्या जिन्यावर आजोबांना चक्कर आली होती. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही, ते ठणठणीत आहेत. पण त्या दिवशी मी त्यांचा शर्ट मागून धरला म्हणून ते पडले नाहीत. समुद्रात शर्ट धरायला मी ओट्यापाशी असून कसं चालेल?

आजोबांनी मोठीच्या मालकाला जवळजवळ होकार कळवला होता. त्यांनी त्याच संध्याकाळी फोन करून आठ दिवस मागून घेतले. मी त्यांना सांगितलं, "मी मोठीवर प्रयत्न करीन आणि मनापासून करीन. जमलं तर मोठीच घेऊ. पण मला एकटीला तुम्हांला परत आणता आलं पाहिजे."

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा मांडव्याला गेलो. सोबत आजोबांचं कारखान्यातलं जुनं पिवळं हेल्मेट होतं. ते बुडू नये म्हणून मी तेलाचा रिकामा कॅन त्याच्या आत घट्ट बांधला होता. मी तांडेलांना सांगितलं, हे काका. हे पाण्यात पडतील. मी एकटी बोट वळवून त्यांना उचलीन. तुम्ही दोघांनी हाताची घडी घालून बसायचं.

"इंजिन लावायचा ना काकी?"

"इंजिन बंद पडलंय असं समजा."

तांडेलांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी खांदे उडवले. "माझं काय चालतंय? मी पाण्यात आहे."

दुपारचा वारा चांगला सुटला होता. मोठी बोट एका अंगाला किंचित कलून सुंदर चालली होती, हे कबूल केलं पाहिजे. आजोबांनी हेल्मेट मागे टाकलं. मी चाक फिरवलं. बोट वळली, पण वळताना पुढचं शीड दुसऱ्या बाजूला घ्यावं लागतं, त्याचा दोर सोडून दुसरा ओढावा लागतो. तो दोर एका लोखंडी रिळावर गुंडाळून हँडलने आवळायचा असतो. त्याला विंच म्हणतात. विंच चाकापासून दोन पावलं पुढे. मी चाक सोडून विंचकडे गेले की बोट भलतीकडे तोंड करी. चाकाकडे आले की शीड फडफडू लागे. दोन्ही हातांनी हँडल ओढून माझे खांदे भरून आले आणि दोर वीतभर आला. तोपर्यंत हेल्मेट लाटांत बारीक ठिपका झालं होतं.

तरी मी तिथवर पोचले. पण जड बोट थांबत नाही. हेल्मेटच्या बाजूने ती रुबाबात पुढे निघून गेली. पुन्हा वळले. या वेळी वेग कमी ठेवला, हेल्मेट अगदी कडेला आलं, मी चाक सोडून आकड्याची लांब काठी घेऊन वाकले. बोटीची कड पाण्यापासून इतकी उंच होती की काठी हेल्मेटला नुसती टकटक करून आली. तिसऱ्या वेळी ते पुढच्या उंच छपराआड गेलं आणि मला दिसेनासंच झालं.

"कुठे आहेत?" मी ओरडले.

तांडेल घडी न सोडता म्हणाले, "काकी, काका आता रेवदंड्याला पोचले असतील."

आजोबा मोठ्याने हसले. मग हसता हसता थांबले आणि पाण्याकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "तांडेल, इंजिन लावा. मला उचलून घ्या." हेल्मेट मिळालं, पण आम्ही धक्क्याकडे वळेपर्यंत कोणी थट्टा केली नाही.

भाकरी आणि तळलेले बोंबील खाऊन आम्ही लहान बोटीवर गेलो. लहानीवर चाक नाही, सुकाणूला जोडलेला एक लाकडी दांडा आहे. तो मांडीला टेकवून बसलं की दोन्ही बाजूंचे दोर बसल्या जागी हाताशी येतात. मी बसून आधी फक्त तेवढंच केलं. डावा हात लांब केला, दोर आला. उजवा हात लांब केला, दोर आला. त्या प्रेसवरच्या बायकांची आठवण झाली. पाट लागणार नव्हता.

"टाका," मी म्हटलं.

आजोबांनी हेल्मेट टाकलं आणि या वेळी स्वतःच ओरडले, "माणूस पाण्यात!"

मी दांडा ढकलला. बोट रिक्षासारखी वळली. एक दोर सोडला, दुसरा ओढला, तो माझ्या ताकदीने आला. हेल्मेट क्षणभरही नजरेआड झालं नाही, कारण या बोटीला उंच छप्परच नाही. तक्त्यात तो दोष म्हणून लिहिला होता. पहिल्या खेपेला मी घाबरून शीड लवकर सैल सोडलं आणि बोट दहा हात अलीकडेच थांबली. वाऱ्याने ती मागे सरकू लागली.

तांडेलांचे हात घडीतून सुटायला लागले.

"घडी!" मी म्हटलं.

"घडीच हाय काकी. हाताची बोटा नुसती मोकळी केली."

पुन्हा वेग घेतला, पुन्हा वळले. या वेळी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून, शिडं सैल सोडून, मी बोटीचा वेग हळूहळू मरू दिला, तलावावर त्या पोराने शिकवलं होतं तसा. हेल्मेट कडेला येऊन अलगद थटलं. काठी लागलीच नाही. मी गुडघ्यावर बसले, हात खाली घातला आणि हनुवटीचा पट्टा पकडला. पाण्याने भरलेलं ते जड होतं. ओढून आत घेतलं तेव्हा निम्मा समुद्र माझ्या साडीवर आला. होय, साडीच. आजोबांनी हजारदा सांगून मी ट्रॅकपँट घातली नव्हती, तो आमचा वेगळा वाद आहे.

मी कॅन सोडवला आणि हेल्मेट आजोबांच्या डोक्यावर ठेवलं. त्यांच्या चष्म्यावरून पाणी ओघळलं.

"घ्या," मी म्हटलं. "आलात परत."

ते हेल्मेट न काढता म्हणाले, "पुन्हा करून दाखव. एकदा जमलं तर ट्रायल पास होत नाही."

मी पुन्हा करून दाखवलं. त्यानंतर आणखी तीनदा, आणि शेवटच्या दोन वेळा पहिल्याच वळणात. पाचव्यांदा हेल्मेट वर घेतलं तेव्हा मी इतकी जोरात ओरडले की शेजारून जाणाऱ्या मासेमारीच्या होडीवरच्या माणसांनी हात उंचावले. सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात मी कुठल्याही गोष्टीवरून इतकी ओरडले नव्हते.

तांडेल आजोबांना म्हणाले, "काका, आता बिनधास्त पडा."

घरी आल्यावर मी तक्त्याला चोविसावा मुद्दा जोडला: "मला एकटीला त्यांना परत आणता येतं का?" मोठीच्या रकान्यात नाही, लहानीच्या रकान्यात हो. बाकीच्या तेवीस मुद्द्यांवर आजोबांनी स्वतः तिरकी रेघ मारली आणि खाली सही केली. मग मोठीच्या मालकाला त्यांनीच फोन केला. सात जागा गेल्या. फोन ठेवून ते थोडा वेळ बाल्कनीत उभे होते आणि मी त्यांना तसं उभं राहू दिलं. मलाही तुम्हां पाचजणांना एकत्र झोपलेलं बघायचं होतं.

गेटवर चेअरमन भेटले. "म्हंजी वन बीएचकेच घेतला व्हय?"

"हो काका. पण चालवते मी."

"मंग काय, झ्याक झालं," ते म्हणाले आणि आजोबांकडे वळून, "तुमी काय करनार?"

"चहा," आजोबा म्हणाले. "एका शेगडीवर."

आणि खरंच तेच करतात. पाळीपाळीने दोघंही सुकाणू धरतो, पण धक्का सोडताना आणि धक्क्याला लागताना दांडा माझ्याकडे असतो. दर फेरीच्या सुरुवातीला हेल्मेट पाण्यात पडतं. आजोबा घड्याळ लावतात. एकदा हेल्मेट परत आणायला मी दांडा त्यांच्याकडे दिला, तेव्हा त्यांना तीन वळणं लागली, आणि ते म्हणाले वारा खराब होता.

तर झोपायच्या जागा चार आहेत. तुम्ही डिसेंबरात आलात की आम्ही दोघं आणि तुमच्यातले दोघं आत. आईबाबा धक्क्याजवळच्या खोलीत. पाचवी जागा बाहेरच्या बाकावर, सुकाणूजवळ, वर सगळं आभाळ. ती मी तक्त्यात धरलीच नव्हती आणि आता मला वाटतं बोटीतली सगळ्यांत चांगली जागा तीच आहे. तुम्ही तिघं तिच्यासाठी भांडणार, म्हणून आधीच ठरवलं आहे: जो हेल्मेट कमीत कमी वेळात परत आणील, जागा त्याची. धाकट्यासोबत आजोबा बसतील, पण हाताची घडी घालून. आतल्या दारावर मी कागद चिकटवला आहे, त्यात आमची दोघांची नावं, खाली तुमची तिघांची, आणि पुढे वेळ लिहायला रकाने आहेत. सध्या भरलेले रकाने आमचे दोघांचेच आहेत, आणि वरचं नाव आजोबांचं नाही.